नॉव्हेल, रोमान्स आणि आमची कादंबरी

तीन वर्षांपूर्वी माझी दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी दोनच अभिप्राय छापून आले. पहिला चार ओळींचा. त्यात मुखपृष्ठाची स्तुती होती. दुसरा चांगला दीड पानाचा होता. त्याचा समारोप असा की, लेखक नॉव्हेल लिहावयास बसला, परंतु रोमान्स लिहून उठला. अभिप्राय लिहिणारे गृहस्थ विद्वान आहेत. त्यांच्या मनात माझ्याविषयी राग नसावा. असलीच तर थोडी कीव असावी. पण ते वाक्य मला लागले, आणि लागण्याचे पहिले कारण हे की ते मला नीटसे कळलेच नाही.

मी मॅट्रिकपुढे शिकलेलो नाही. दोंडाईच्याच्या एका शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो. माझे इंग्रजी कोशाच्या आधाराने चालते. शाळेच्या कपाटात एक जुना, पाने सुटलेला इंग्रजी-मराठी कोश आहे. त्यात 'नॉव्हेल'पुढे 'कादंबरी' असे लिहिले आहे. आणि 'रोमान्स'पुढे 'अद्भुत कथा, कादंबरी' असे. म्हणजे मी कादंबरी लिहावयास बसलो आणि कादंबरीच लिहून उठलो! मग चुकले कोठे?

सातवीतल्या एका मुलाला विचारले, तर तो लाजून हसला. सिनेमात गाणे सुरू होण्याच्या जरा आधी जे होते ते म्हणजे रोमान्स, असे त्याचे मत. आमच्या एका सहशिक्षकांनी सांगितले, "ज्याने अंगावर रोमांच उभे राहतात तो रोमान्स." ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण ती केवळ कानाची फसवणूक आहे, आपल्या रोमांचाचा आणि त्या रोमान्सचा काही संबंध नाही. कोशाचे एक, मुलाचे दुसरे आणि सहशिक्षकांचे तिसरे, अशी तीन उत्तरे घेऊन मी शोधाला लागलो. गेली तीन वर्षे सुट्यांत जे वाचले त्याचा हा हिशेब आहे. विद्वानांना त्यात नवे फारसे सापडणार नाही. पण माझ्यासारख्या आडगावी लिहिणाऱ्या माणसांना ह्या दोन शब्दांतला फरक ठाऊक असणे अगत्याचे आहे असे मला आता वाटू लागले आहे. का, ते पुढे येईलच.

'रोमान्स' हे मुळात गोष्टीचे नाव नव्हे, ते भाषेचे नाव आहे. मध्ययुगातल्या फ्रान्समध्ये पंडितांची भाषा लॅटिन होती आणि बाजारातली, घरातली, शेतातली बोली वेगळी होती. त्या बोलीला 'रोमान्स' म्हणत. त्या बोलीत सांगितलेल्या शूर सरदारांच्या, राक्षसांच्या, मंतरलेल्या तलवारींच्या आणि विरही राजकन्यांच्या कथांनाही पुढे तेच नाव पडले. संस्कृत सोडून ज्ञानेश्वरांनी मराठीत लिहिले, तेव्हा पंडितांनी जो शब्द जरा नाक मुरडून उच्चारला असता, तशा जातीचा हा शब्द आहे. आमच्या खानदेशापुरते बोलायचे तर अहिराणीत सांगितलेली गोष्ट म्हणजे मूळ अर्थाने रोमान्स! आज ज्या शब्दाला आपण हवेतल्या मनोऱ्यांचे नाव समजतो तो असा अगदी मातीतून आलेला आहे.

'नॉव्हेल'चे कूळ इटालियन आहे. 'नोव्हेल्ला' म्हणजे नवी हकिगत, ताजी बातमी. चौदाव्या शतकात बोकाचिओने 'डेकॅमेरॉन'मध्ये ज्या शंभर गोष्टी सांगितल्या त्या ह्या जातीच्या: शेजारच्या गल्लीत परवा काय घडले, कोणी कोणाला कसे फसविले. इंग्रजीत हा शब्द प्रथम अशा आखूड गोष्टीलाच लावीत. अठराव्या शतकात मात्र त्या देशात एक निराळेच गद्य लिहिले जाऊ लागले. डीफोचा 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ सालचा, रिचर्ड्सनची 'पामेला' १७४० ची आणि फील्डिंगचा 'टॉम जोन्स' १७४९ चा. ह्या पुस्तकांतली माणसे पैसे मोजतात, नोकरी शोधतात, पत्रे लिहितात, आजारी पडतात. ह्यांना रोमान्स कसे म्हणावे? मग त्या आखूड गोष्टीचे नाव ह्या लांब पुस्तकांना देण्यात आले.

दोन नावे झाली की हद्द आखावी लागते. ती क्लारा रीव्ह नावाच्या एका लेखिकेने १७८५ साली 'द प्रोग्रेस ऑफ रोमान्स' ह्या पुस्तकात आखली. पुस्तक संवादरूपाने लिहिलेले आहे. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, नॉव्हेल हे ज्या काळात लिहिले त्या काळच्या खऱ्या जीवनाचे आणि रीतिभातीचे चित्र असते. रोमान्स मात्र जे कधी घडले नाही आणि घडण्याचा संभवही नाही ते भारदस्त भाषेत सांगतो. पुढे १८२४ साली वॉल्टर स्कॉटने 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'साठी लिहिलेल्या निबंधात हीच वाटणी केली: अद्भुत आणि असामान्य घटनांवर ज्याचे रंजन उभे असते तो रोमान्स, माणसांच्या नित्याच्या व्यवहाराशी जुळते ते नॉव्हेल. स्वतः स्कॉटने 'आयव्हॅन्हो'च्या मुखपृष्ठावर 'रोमान्स' असेच छापले होते. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पण ह्या सर्वांत मला अधिक उपयोगी पडला तो अमेरिकेचा नॅथॅनिएल हॉथॉर्न. १८५१ सालच्या 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' ह्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की, आपल्या पुस्तकाला जो रोमान्स म्हणवितो तो वाचकाकडे काही मोकळीक मागत असतो. नॉव्हेल लिहिणाऱ्याने केवळ शक्य तेवढेच नव्हे, तर संभाव्य आणि नेहमीचे जे असेल त्याला धरून राहिले पाहिजे. रोमान्सकाराला प्रकाश हवा तसा मंद किंवा गडद करता येतो. परंतु माणसाच्या अंतःकरणाच्या सत्यापासून तो ढळला तर त्याला क्षमा नाही. ही शेवटची अट मी अधोरेखित करून ठेवली. रोमान्स म्हणजे वाटेल ते लिहिण्याचा परवाना, अशी जी आपली समजूत असते तिला हॉथॉर्नने जागा ठेवलेली नाही. मला ह्यातून कळले ते असे की, नॉव्हेल आणि रोमान्स हे वाचकाशी केलेले दोन निरनिराळे करार आहेत. एक उंच आणि एक नीच असे ते नाहीत.

इथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. ही दोन नावांची भानगड मुख्यतः इंग्रजीतली आहे. फ्रेंच आणि जर्मन ह्या दोन्ही भाषांत 'रोमान' हा एकच शब्द दोहोंचे काम करतो. फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' हाही रोमान आणि सरदारांच्या जुन्या कथा हाही रोमान. तेथील टीकाकारांचे त्यावाचून काही अडले नाही. आपण इंग्रजांच्या शाळेत शिकलो, म्हणून इंग्रजांचे भांडण आपल्या घरात आले.

आले खरे, पण आपल्या घरात असे एक भांडण आधीच नव्हते काय? होते, आणि ते हजार-बाराशे वर्षांचे जुने होते. संस्कृत साहित्यशास्त्रात 'कथा' आणि 'आख्यायिका' अशी गद्यकाव्याची दोन नावे आहेत. आख्यायिकेचा आधार घडलेली हकिगत. कथा ही कल्पनेने रचलेली. भामहाने दोहोंची लक्षणे वेगवेगळी सांगितली: आख्यायिकेत नायक स्वतःचे वृत्त स्वतः सांगतो, तिचे उच्छ्वास पाडलेले असतात, इत्यादी. दंडीने 'काव्यादर्शा'त ही वाटणी मोडीत काढली. कोणी सांगितले आणि प्रकरणाला काय नाव दिले ह्याने काय होते, जात एकच आहे आणि नावे दोन आहेत, असा त्याचा निकाल. फ्रेंच लोकांचे मत दंडीला आधीच सुचलेले होते म्हणावयाचे!

सातव्या शतकात, हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने ह्या दोन्ही जातींची दोन पुस्तके लिहिली. आपल्या राजाचे चरित्र सांगणारे 'हर्षचरित' ही आख्यायिका आणि 'कादंबरी' ही कथा. आता गंमत पाहा. एकोणिसाव्या शतकात जेव्हा मराठीला 'नॉव्हेल'साठी नाव हवे होते, तेव्हा आपण 'हर्षचरिता'कडे गेलो नाही, 'कादंबरी'कडे गेलो. जिच्यात पोपट गोष्ट सांगतो, शाप लागतात, माणसे जन्म बदलून येतात आणि मेलेला प्रियकर परत मिळतो, त्या एका पुस्तकाचे नाव आपण सबंध वाङ्मयप्रकाराला दिले. कानडीनेही तेच केले. बंगाली आणि हिंदीने 'उपन्यास' म्हटले. आमच्या शेजारच्या गुजरातीने 'नवलकथा' म्हटले. नंदशंकर मेहतांची 'करण घेलो' ही त्यांची पहिली नवलकथा १८६६ सालची. थोडक्यात, मराठीने नॉव्हेलच्या बारशाला रोमान्सचे नाव ठेवले. माझ्या पुस्तकावरच्या अभिप्रायातला दोष असा जन्मनावातच होता, असे म्हणून मी काही दिवस स्वतःची समजूत घातली.

गुजरातीतला 'नवल' हा शब्द मात्र माझ्या मनातून जाईना. तो 'नॉव्हेल'च्या आवाजावरून आला असेल. पण मराठीत नवल म्हणजे आश्चर्य. जे नवे ते नॉव्हेल आणि जे आश्चर्याचे तो रोमान्स. 'नवल' ह्या एका शब्दात दोन्ही मावतात.

आणि ह्याच शब्दाने मला एकदा चांगले अडविले आहे. माझी पहिली कादंबरी निघाली तेव्हा मी तिची एक प्रत आमच्या इथल्या एका वयस्क मिरचीच्या व्यापाऱ्यांना दिली होती. दोंडाईचा मिरचीचे गाव. हंगामात पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत पडलेली असते, स्टेशनात उतरणारा परका माणूस पहिल्यांदा शिंकतो आणि मग गाव पाहतो. त्या कादंबरीत हीच पथारी होती, तिच्यावर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया होत्या, तोलाई होती, उचल होती. शेटजींनी ती आठ दिवसांत वाचली. प्रत परत देताना म्हणाले, "मास्तर, यामा काय नवल शे?" यात नवल ते काय आहे, असे त्यांचे म्हणणे. हे तर आम्ही रोजच बघतो.

शेटजींना ठाऊक नव्हते की त्यांचा प्रश्न मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' १८६८ साली आली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी असे प्रतिपादन केले आहे की, आम्हां हिंदूंच्या नित्याच्या जीवनात, विवाहासंबंधीच्या आमच्या चालींमुळे व इतरही कारणांनी, चित्तवेधक असे काही सापडत नाही. रोज अनुभवाला येणाऱ्या गोष्टी लिहिल्या तर पुस्तकात रमण्याजोगे काही उरणार नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय करणे भाग आहे. हे वाचले तेव्हा मला शेटजींची आठवण झाली आणि अंगावर काटा आला. कारण ही केवळ वाङ्मयातली अडचण नव्हे. आमच्या जगण्यात सांगण्यासारखे काही नाही, असे एका सबंध समाजाच्या वतीने दिलेले ते कबुलीपत्र आहे. रोमान्स आवडतो म्हणून लिहिणे वेगळे आणि आपले जगणे नॉव्हेलच्या लायकीचे नाही म्हणून रोमान्स लिहिणे वेगळे. स्कॉटने पहिले केले. आमच्या आरंभीच्या कादंबरीकारांपैकी अनेकांनी दुसरे केले.

सर्वांनीच केले असे मात्र नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे, म्हणजे 'मादाम बोव्हारी' पुस्तकरूपाने पॅरिसमध्ये निघाली त्याच सालचे. फ्लोबेरची एम्मा रोमान्स वाचवाचून आपल्या संसाराला विटते. पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगाव विधवांची दुःखे पाहते, ऐकते. पदमनजी ख्रिस्ती धर्माचे प्रचारक होते आणि पुस्तकात प्रचार आहे. परंतु आमच्या जीवनात सांगण्यासारखे काही नाही, असे त्यांना वाटले नाही हे त्यांचे मोठेपण. त्यानंतर १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' आली आणि वाचक अद्भुताच्या मागे गेले. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने इतिहासाची वाट उघडली. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी 'नावल व नाटक' ह्यांविषयी निबंध लिहिला. तोवर 'नावल' हा शब्दही आपल्याकडे चालत होता असे त्यावरून दिसते. तो टिकला असता तर आज आपण शेटजींच्या प्रश्नाला काय उत्तर दिले असते कोण जाणे.

भालचंद्र नेमाड्यांनी 'मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप' ह्या निबंधात मराठी कादंबरीचे तीन प्रवाह मानले आणि त्यांना ह्याच तीन पुस्तकांवरून ओळखले. नेमाडे आमच्या खानदेशचे, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांच्या मते यमुनापर्यटनाची वाट जी रुंद व्हावयास हवी होती ती झाली नाही आणि रंजनाची वाट फोफावली. त्यांच्या सर्वच मतांशी मी सहमत नाही. लघुकथेवर त्यांनी केलेला हल्ला मला अन्यायाचा वाटतो. परंतु १९६३ साली 'कोसला' लिहून त्यांनी रिसबुडांना दिलेले उत्तर मला मान्य आहे. खानदेशातल्या एका खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो, काही न मिळवता परत येतो, एवढीच हकिगत. यात काय नवल आहे? नवल नाही, म्हणूनच ते नॉव्हेल आहे.

त्यांच्याही आधी हरी नारायण आपट्यांनी हा पेच फार साधेपणाने सोडविला होता. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' असे नाव दिले. ऐतिहासिक कादंबऱ्या निराळ्या ठेवल्या. 'नॉव्हेल'ला ह्याहून नेमका मराठी प्रतिशब्द माझ्या पाहण्यात नाही. क्लारा रीव्हने जे पुस्तकभर सांगितले ते आपट्यांनी दोन शब्दांत सांगितले. १८९० सालापासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागलेल्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो'मध्ये यमू आपली कहाणी स्वतः सांगते. पत्राचे नाव 'करमणूक' आणि आत एका विधवेचे केशवपन! आपट्यांना वाचकाची करमणूक करावयाची नव्हती असे नाही. परंतु आजकालची गोष्ट सांगतो असे एकदा म्हटल्यावर त्यांनी शेवटी यमूला वाचवून वाचकाला खूष केले नाही. कराराचा अर्थ त्यांना कळला होता.

इतिहासाचार्य राजवाड्यांचा उल्लेख केल्यावाचून धुळे जिल्ह्यातल्या माणसाने ह्या विषयावर लिहिणे बरे दिसणार नाही. राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' ह्याच नावाचा निबंध लिहिला आणि युरोपातल्या थोर कादंबऱ्यांशेजारी मराठी कादंबरीला उभे करून तिची उंची मोजली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यात काढली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. मी एकदा मुलांची सहल घेऊन तेथे गेलो होतो. जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांमधून फिरताना माझ्या मनात आले की, ज्या माणसाने पुराव्यावाचून इतिहासात एक वाक्य लिहू नये असा आग्रह धरला त्याला कादंबरीविषयी लिहावेसे वाटले, ह्यात काहीतरी अर्थ आहे. घडलेल्याशी इमान राखणे ही केवळ इतिहासकाराची जबाबदारी आहे असे त्यांनी मानले नसावे.

वर्गात मी हा फरक समजावतो तेव्हा इंग्रजी पुस्तकांची नावे घेत नाही. २०१६ साली आलेला नागराज मंजुळे ह्यांचा 'सैराट' सर्व मुलांनी पाहिलेला असतो. मी विचारतो, यातला कोणता अर्धा भाग पुन्हा पाहावासा वाटतो? सगळे म्हणतात, पहिला. विहिरीतली उडी, बुलेट, गाणी. मग विचारतो, आठवण कोणती राहते? वर्ग गप्प बसतो. पळून हैदराबादला गेल्यावर ती दोघे झोपडीत राहतात, भांडतात, कामाला जातात, भाडे देतात, लेकरू होते. आणि मग माहेरची माणसे भेटी घेऊन येतात. पहिला भाग रोमान्स आहे, दुसरा नॉव्हेल आहे. सातवीच्या मुलांना हे लगेच कळते. रोमान्स वाईट आहे असे त्यांना सांगावे लागत नाही; पहिला भाग गोड नसता तर दुसरा इतका लागला नसता, हे तीच सांगतात.

आता माझ्या पुस्तकाकडे येतो, कारण हिशेब त्याचा द्यावयाचा आहे.

माझ्या दुसऱ्या कादंबरीतली नायिका पथारीवर देठ खुडणारी बाई आहे. तिचा नवरा सुरतेला मागावर कामाला जातो. आमच्या भागातल्या किती घरांतले पुरुष ताप्ती लाइनच्या गाडीत बसून असे सुरतेला गेले ह्याची गणती नाही. प्रारंभी तो पैसे पाठवतो, मग पत्ता बदलतो, मग काहीच येत नाही. दोनशे पाने ती बाई थांबते. तिचा हात मिरचीने भाजतो, मुलगी शाळेतून काढावी लागते, किराणावाला वही मिटतो. ही दोनशे पाने मी इमानाने लिहिली आहेत असे आजही म्हणेन. आणि शेवटच्या बारा पानांत, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, तो परत येतो. कसा येतो, इतकी वर्षे कोठे होता, ह्याची मी काही वाट केलेली नाही. तो गाडीतून उतरतो आणि दार वाजवतो.

बाणाची महाश्वेताही अशीच थांबली होती. अच्छोद सरोवराच्या काठी, वल्कले नेसून, वीणा घेऊन. तिचा पुंडरीक मेलेला होता, तरी तो परत आला. मग माझा नायक सुरतेहून परत आला तर काय बिघडले? असा प्रतिवाद मी अभिप्राय लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात पुष्कळ दिवस करीत होतो. पण हॉथॉर्नची प्रस्तावना वाचल्यावर तो मला पटेनासा झाला. बाणाच्या पुस्तकात पहिल्या पानापासून पोपट बोलतो आहे. शाप आहे, आकाशवाणी आहे, जन्मांतर आहे. मेलेला माणूस परत येऊ शकेल असे जग त्याने आधी उभे केले आहे आणि वाचकाने दारातच ते कबूल केले आहे. (शिवाय ते पुनर्मीलन बाणाच्या हातून लिहूनच झाले नाही, तो मध्येच वारला आणि उत्तरार्ध त्याच्या मुलाने पुरा केला.) माझ्या पुस्तकात मात्र किराणावाल्याची वही आहे. जेथे उधारी पै-पैने मोजली जाते तेथे नवरा फुकट परत मिळत नाही. मी दोनशे पाने नॉव्हेलचा करार पाळला आणि शेवटची बारा पाने रोमान्सची मोकळीक, न मागता, घेतली. टीकाकारांचा शब्द बरोबर होता. त्यांनी तो शब्द शिवीसारखा वापरला, एवढीच माझी तक्रार उरली आहे.

हे मला केवळ वाचनाने कळले असे लिहिले तर ती अप्रामाणिकपणाची गोष्ट होईल. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आक्का राहतात. त्यांचे नाव मी येथे घेणार नाही. पुस्तकातली नायिका पुष्कळशी त्यांच्यावरून घेतलेली आहे. मी त्यांना विचारले नव्हते. त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या नातीने त्यांना सगळे पुस्तक वाचून दाखविले. नंतर एकदा त्या ओट्यावर मिरची निवडत बसलेल्या असताना मी समोरून गेलो. त्यांनी हाक मारली. मला वाटले, आता रागावणार. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मास्तर, पुस्तकमा तो उना. घर नही उना." पुस्तकात तो आला. घरी नाही आला.

शेवट गोड करण्यात मी त्यांच्यावर माया करतो आहे असे मला लिहिताना वाटत होते. पण आक्कांचे आयुष्य मी रिसबुडांच्या नजरेनेच पाहिले होते. न आलेल्या माणसाची वाट पाहत म्हातारी झालेली बाई, तिने तशाच स्थितीत वाढविलेली मुलगी आणि आता तिची वाचायला शिकलेली नात, ह्यात सांगण्यासारखे काही नाही, म्हणून मी त्यात एक चमत्कार घातला. शेटजींच्या प्रश्नाला भिऊन मी नवल आणले आणि जे खरोखर नवलाचे होते ते खोडून टाकले.

येथे लेख संपविता आला असता. पण पुढे जे घडले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर पुन्हा शेवट माझ्या सोयीचा होईल. मागच्या महिन्यात मी आक्कांच्या नातीला विचारले, पुस्तक अजून आहे का घरात? ती म्हणाली, "आहे ना सर. आजी अजून कधी कधी वाचायला लावते. सगळं नाही. शेवटचंच."

ह्याचे काय करावयाचे ते मला अद्याप कळलेले नाही. तो घरी आला नाही हे आक्कांना माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. तरी ती बारा पाने त्यांना पुन्हा ऐकावीशी वाटतात. रोमान्स जगात का टिकला, ह्याचे उत्तर क्लारा रीव्हपाशीही नाही आणि स्कॉटपाशीही नाही. ते बहुधा त्या ओट्यावर आहे. परंतु त्यामुळे माझी चूक चूक नव्हती असे ठरत नाही. आक्कांना हवा तो रोमान्स कोणीतरी पहिल्या पानापासून, मोकळीक मागून, अंतःकरणाच्या सत्याला धरून लिहावयास हवा. आणि दुसरे कोणीतरी न आलेल्या माणसाची कादंबरी लिहावयास हवी. दोन्ही एकाच पुस्तकात भागवावयाचे असेल तर तेवढे बळ अंगी पाहिजे, जे मंजुळ्यांपाशी आहे आणि माझ्यापाशी नव्हते.

दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नसल्यामुळे शेवट बदलण्याचा प्रश्न नाही. तिसरे पुस्तक निम्मे लिहून झाले आहे. त्याच्या मुखपृष्ठावर 'कादंबरी' असेच छापावे लागेल. मराठीत दुसरा शब्द नाही. मात्र ह्या वेळी लिहायला बसण्यापूर्वी मी आक्कांना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, लिहा. मग जरा थांबून त्यांनी विचारले, ह्यात तो येतो का? मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलविली आणि मिरचीचे सूप पुढे ओढले.